डब्यावरचं वाङ्मय

मराठीचा प्राध्यापक म्हणून मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना नावं ठेवली. त्याबद्दल मला पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, सवय थांबली नाही. आणि मग एक दिवस असं लक्षात आलं, की ज्या वाङ्मयाला मी नावं ठेवत होतो ते मी स्वतः फार मनापासून कधी वाचलंच नव्हतं. माणूस शब्दन्‌शब्द, पुन्हापुन्हा, चष्मा पुसून आणि गरजेपोटी जे वाचतो ते डब्याबाटल्यांच्या पाठीवरचं वाङ्मय. मुंग्यांच्या पावडरीवरचं, खोकल्याच्या औषधावरचं, कुकरच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं. कादंबरीचं एखादं पान चुकून दोनदा उलटलं तरी काही बिघडत नाही. मुंग्यांच्या पावडरीवरची एक ओळ गाळून बघा.

तरीही या वाङ्मयाची समीक्षा कोणी करत नाही. त्याला पुरस्कार नाहीत, त्यावर परिसंवाद नाहीत, लेखकाचं नाव तर कधीच नसतं. ही उणीव अंशतः भरून काढावी म्हणून त्यातल्या एका छोट्या शाखेचा परामर्श मी इथे घेणार आहे. मोटारीच्या रंगावर जे बारीक गोल गोल ओरखडे दिसतात ते घालवून देण्याची हमी देणाऱ्या डब्यांवरचं वाङ्मय, ही ती शाखा. एकूण अकरा डबे मी वाचले. पैकी चार विकत घेतले. सात दुकानात उभ्यानं वाचले, आणि सातवा वाचत असताना दुकानदारानं "सर, हे वाचनालय आहे का?" असं विचारल्यामुळे त्याचा शेवट राहिला. हा राहिलेला शेवट पुढे येणार आहे.

आता मराठीच्या माणसाचा मोटारीच्या रंगाशी संबंध कसा आला ते सांगायला हवं. गाडी मुलाची. तो बदली होऊन बंगळूरला गेला आणि जाताना, पूर्वी लोक गावाला जाताना शेजाऱ्याकडे पोपट ठेवत तशी, गाडी माझ्याकडे ठेवून गेला. रंग काळा. जालन्यात काळी गाडी बाळगणं म्हणजे पिठाच्या गिरणीत काळा कोट घालून उभं राहणं. इथली माती काळी, पण तिची धूळ काळ्या गाडीवर पांढरट दिसते. वर एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करणारे कारखाने, त्यामुळे धुळीत लोखंडही आलं. मुलगा रोज फोनवर आधी गाडीची चौकशी करतो, मग आईची, आणि शेवटी वेळ उरला तर माझी.

तर एका संध्याकाळी अंबड चौफुलीकडून येताना पेट्रोल भरायला थांबलो. वर पांढरा लख्ख दिवा. मी उतरलो आणि बोनेटकडे बघतो तो त्यावर कोळ्याचं जाळं. दिव्याचं प्रतिबिंब मध्ये आणि त्याच्याभोवती शेकडो बारीक चमकत्या रेघा, गोल गोल. मी दोन पावलं सरकलो, तर जाळंही माझ्याबरोबर सरकलं. एखाद्या अपराधासारखं. घरी येऊन मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, ते स्वर्ल मार्क्स. धुणारा नीट धुत नाही." आणि आईची चौकशी न करता फोन ठेवला, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला समजलं.

आमच्या कॉलनीतल्या नऊ गाड्या एक मुलगा पुसतो. मंठ्याकडच्या एका खेड्यातला; सकाळी गाड्या, मग आयटीआय. सगळे त्याला भावड्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्याला बोनेटसमोर उभा केला.

"हे काय केलंस?"

"काय केलं, सर?"

"हे गोल गोल."

तो वाकून, तिरका होऊन, डोळे बारीक करून बघत राहिला. "काहीच दिसंना, सर."

"आत्ता नाही दिसणार. दिव्याखाली दिसतं. तुझं फडकं दाखव."

त्यानं फडकं दाखवलं. कुठल्यातरी लग्नात टॉवेल-टोपीच्या आहेरात मिळालेल्या टॉवेलचा तो अर्धा भाग होता. मला हवा तो पुरावा मिळाला. मग मी त्याला स्वच्छता, जबाबदारी आणि दुसऱ्याच्या वस्तूबद्दलचा आदर या विषयांवर सुमारे एक तासिका घेतली. तो बादली हातात धरून उभा होता. शेवटी मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. महिना अर्धाच झाला होता तरी पैसे मी पूर्ण दिले, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं. त्यानं पैसे घेतले, बादलीतलं उरलेलं पाणी जास्वंदीला घातलं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या फाटकावरून पुढे जाऊन उरलेल्या आठ गाड्या पुसू लागला. मी मात्र त्या वेळेला पेपर उघडा धरून त्यामागे बसू लागलो.

इथून माझं वाचन सुरू झालं.

डब्यांच्या वाङ्मयात दोन पंथ आहेत. जुना पंथ गोलवाद्यांचा. त्यांचं म्हणणं, फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि गोल गोल फिरवत चोळा. नवा पंथ सरळवाद्यांचा. ते म्हणतात, गोल फिरवलंत म्हणूनच तर गोल ओरखडे पडले; आता सरळ चोळा, पुढून मागे, वारा लागतो त्या दिशेनं. दोन्ही पंथांची भाषा सारखीच आज्ञार्थी आणि दोन्ही पंथांच्या डब्याची किंमतही जवळजवळ सारखी. मी माझ्या प्रशिक्षणानुसार नव्या पंथाच्या बाजूनं झुकलो. गोल कारण, गोल कार्य. तर्क अगदी पटण्यासारखा होता.

हा तर्क हिनं एका ताटानं मोडला.

मी जेवताना हा सिद्धांत सांगत होतो. ही म्हणाली, "अहो, जरा तुमचं ताट रिकामं झालं की धुऊन दिव्याखाली धरा." आमच्या लग्नातलं स्टीलचं ताट. धरलं. दिव्याभोवती तेच जाळं, तसंच गोल, पेट्रोलपंपावर दिसलं होतं त्याहून दाट. "आता सांगा," ही म्हणाली, "भांडीवाल्या मावशी ताट गोल घासतात की उभं?" मला काय माहीत. मी चाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. "त्या वाटेल तसं घासतात. आडवं, उभं, तिरकं, मोबाईलवर बोलत. तरी गोलच दिसतं. ताट फिरवा."

ताट फिरवलं. जाळं फिरलं नाही. दिव्याखाली होतं तिथंच राहिलं.

मग हळूहळू उलगडा झाला. ओरखडे सगळ्या दिशांनी असतात. पण दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्याकडे परत पाठवणारे ओरखडे फक्त ते, जे त्या प्रकाशाला आडवे पडलेले असतात. दिव्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे उभे चमकतात, वरखालचे आडवे चमकतात, कोपऱ्यातले तिरके चमकतात. आणि या सगळ्यांचं मिळून एक वर्तुळ होतं. म्हणजे वर्तुळ गाडीवर नसतंच. हजारो ओरखड्यांतून दिवा आपल्या सोयीचे तेवढे निवडतो आणि एक आकृती दाखवतो. समीक्षेत आम्ही तेहतीस वर्षं दुसरं काही केलं नाही. सरळवाद्यांच्या म्हणण्यात तथ्य असलंच तर एवढंच, की सगळे ओरखडे एकाच दिशेनं पडले तर ते एखाद्याच बाजूनं उभं राहिल्यावर दिसतात. ओरखडा पडतो तो हात गोल गेला म्हणून नाही, फडकं आणि रंग यांच्यामध्ये काहीतरी खरखरीत सापडलं म्हणून. धुळीतले वाळूचे, दगडाचे कण रंगापेक्षा कठीण असतात. मध्ये ते असताना हात सरळ फिरवा नाहीतर स्वस्तिक काढा.

दोन्ही पंथ अशा रीतीनं निकालात निघाले. हिला मी म्हटलं, तू समीक्षेत यायला हवं होतंस. ती म्हणाली, मावशी उद्या येणार नाहीत, ते ताट तसंच घासून ठेवा.

या वाङ्मयावरचा माझा दुसरा आक्षेप एका विशेषणाला आहे. अकराच्या अकरा डब्यांवर पहिली सूचना एकच: गाडी प्रथम भरपूर पाण्यानं धुऊन घ्या. काही ठिकाणी तर दोन बादल्या सांगितल्या आहेत, एक साबणाची आणि एक फडकं विसळायची, आणि त्याआधी पाइपानं फवारा.

भरपूर! ज्या कोणी हा शब्द लिहिला त्याच्या घरी नळ फिरवला की पाणी येत असणार. "जालना, सोने का पालना" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. म्हणीत पाण्याचा उल्लेख नाही याकडे कोणाचं लक्ष जात नाही. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाचं पाणी उतारानं आपोआप शहरात येत असे. पुढे शहर वाढलं, गाळ वाढला, पाऊस मात्र वाढला नाही. २०१२-१३ सालचा दुष्काळ ज्यांनी इथं काढला त्यांना विचारा. वर्षानुवर्षं वाढवलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्यांचं सरपण केलं. आम्ही टँकरचा आवाज झोपेत ओळखायला शिकलो. नंतर जायकवाडीचं पाणी नळाला आलं, पण म्हणून ते रोज येतं असं नाही. आमच्या गल्लीत तर ते आठवड्यानं, मनाला येईल त्या वेळी येतं. त्या दिवशी पाहुण्याला चहा विचारायच्या आधी बादली आणून ठेवायला सांगतात.

अशा घरात गाडीला अर्धी बादली मंजूर असते. तीही कोरी नव्हे, कपडे दुसऱ्यांदा विसळल्यानंतरची. ही अर्धी बादली ही स्वतः भरून फाटकाशी ठेवत असे आणि भावड्या त्यात फडकं बुडवून गाडी पुसत असे. आता हिशेब करा. बोनेट पुसून झालं की फडकं बादलीत. दोन दारं झाली की बादलीचा चहा झालेला. तिसऱ्या दाराला आपण धूळ पुसत नसून धुळीचा लेप देत असतो. मी त्याच्या फडक्याची झडती घेतली होती. बादलीत डोकावलो नव्हतो, कारण तिच्यात आमचंच पाणी होतं. तेव्हा हे वाङ्मय परकं आहे, असा माझा निष्कर्ष होता. ज्या वाङ्मयाची पहिलीच ओळ आपल्याला लागू पडत नाही त्याची पुढची ओळ कशी लागू पडेल?

तिसरा आक्षेप क्रियापदाला. डबे म्हणतात, ओरखडे "नाहीसे करते". मराठीत नाहीसं करणं म्हणजे होतं ते नसणं. पण ओरखडा ही वस्तू नाही. तो खड्डा आहे. खड्डा नाहीसा करायचा तर एकतर तो बुजवावा लागतो, नाहीतर आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडावी लागते. डब्यात काय आहे, बुजवणी की खरवडणी, हे डबा सांगत नाही.

पूर्वीच्या गाड्यांचा रंग एकसंध असे. माझ्या मामांची फिकट निळी फियाट होती. ते पॉलिश करत तेव्हा फडकं निळं होई, आणि मामी म्हणत, गाडी धुता की रंगपंचमी खेळता? आताच्या गाड्यांत रंगाचा थर वेगळा आणि त्याच्यावर पारदर्शक चकाकीचा थर वेगळा. बारीक ओरखडे या वरच्या थरातच असतात. हा थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. खऱ्या पॉलिशमध्ये अतिशय बारीक दाणा असतो, आणि एका वेळी ते या थरातले एक-दोन, फार तर तीन मायक्रॉन झिजवतं. खड्ड्यांचे कडे गेले की प्रकाश पुन्हा सरळ परततो आणि आपण म्हणतो, चमक आली. चमक आलेली नसते, थर गेलेला असतो. तो पुन्हा येत नाही. उन्हापासून खालचा रंग राखतो तोही हाच थर. दर दिवाळीला तो घासत राहिलं तर काही वर्षांनी टपावर पांढरे पापुद्रे सुटतात. अकरापैकी दोनच डब्यांवर याची पुसट कबुली होती, ती अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

बुजवणीचा अनुभव मी पैसे देऊन घेतला. एका गॅरेजात गेलो. तिथले उस्ताद म्हणाले, "साब, रबिंग-पॉलिश मार देता हूँ, आईना दिखेगा." दोन तासांनी खरोखरच आरसा. मला माझ्या नाकावरचा तीळ बोनेटमध्ये दिसला. पंधरा दिवस मी गाडी दिव्यांखाली उभी करत हिंडलो; सिंधी बाजारात काही घ्यायचं नसताना गेलो. मग दोनदा पुसली, आणि जाळं परत. शिवाय त्याच्याबरोबर उन्हात फिरणाऱ्या नव्या सावल्या, धूर गोठल्यासारख्या. मुलानं फोनवर उलगडा केला. शेवटी जे चोपडलं त्यात तेल-मेण होतं. त्यानं खड्डे भरले आणि पाण्याबरोबर ते निघून गेलं. सावल्या मात्र लोकरीची चकती भन्नाट फिरवल्याच्या होत्या, आणि त्या अस्सल होत्या. खरं काय नि लपवलेलं काय हे ओळखायचं असेल तर पुसल्यानंतर त्या जागेवर स्पिरिटचा बोळा फिरवून बघायचा. एवढी साधी कसोटी एकाही डब्यावर नव्हती. कुठला लेखक ती छापेल?

हे सगळं मी शेजारच्या वकीलसाहेबांना सांगत होतो. रात्रीची वेळ, माझ्या हातात टॉर्च. त्यांना मी पॅनेलवार पुरावा दाखवत होतो: हे बोनेट, ही दारं, ही डिकी, ही टपाची कड. वकीलसाहेब उंच आहेत. त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला, टपाच्या बरोबर मध्यावर मारला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"सर, इथं काहीच नाही."

मी स्टुलावर चढून पाहिलं. टपाचा मधला भाग, साधारण जेवायच्या पाटाएवढा, काळाभोर आणि स्वच्छ होता. गॅरेजातल्या सावल्या होत्या, पण जाळं नव्हतं.

"भावड्या टप पुसत होता ना?"

"रोज. पायदानावर चढून."

"मग त्याच्या फडक्यानं इथं का नाही पडले?" वकीलसाहेबांनी टॉर्च खाली केला आणि अतिशय सौम्य आवाजात विचारलं, "सर, संध्याकाळी तुम्ही तो झुपका घेऊन गाडी झटकता, तेव्हा तुमचा हात कुठपर्यंत पोचतो?"

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे.

झुपक्याबद्दल मी आतापर्यंत लिहिलं नाही, याचं कारण तो मला वाचण्यासारखा वाटला नव्हता. त्याच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. मंठा चौफुलीवर एका फेरीवाल्याकडून घेतलेली ती दोरखंडी केसांची, मेण लावलेली झटकणी. गाडी आल्या दिवसापासून रोज संध्याकाळी, दिवसभराची धूळ अंगावर असताना, कोरडी, दाबून, प्रेमानं, मी ती सगळ्या गाडीवर फिरवत होतो. जिथपर्यंत हात पोचतो तिथपर्यंत. वर भावड्याच्या गढूळ अर्ध्या बादलीची भर असेल, नाही असं नाही. पण तो टप सगळ्यात आधी पुसायचा, बादली स्वच्छ असताना. टपाच्या मधोमध फक्त तो पोचला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकीचं परीक्षण मी पूर्वीही लिहिलेलं आहे. एका कवीला मी एकदा असं झोडलं, की त्यानं पुढं काही छापलं नाही. पण त्या बाबतीत निदान कवितासंग्रह तरी त्याचाच होता.

सकाळी साडेसहाला मी पेपर न घेता फाटकात उभा राहिलो. भावड्या वकीलसाहेबांची गाडी पुसत होता.

"भावड्या, टपाच्या मधोमध काही नाही रे."

"व्हय सर. तिथं तुमचा हात पुरत नाही."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही रोज कोरडं हाणायचे ना. मी बघायचो क्लासहून येताना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तो फडकं पिळत म्हणाला, "तुम्ही बोलू लागले होते ना, सर."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहीत नाही. शब्द पुरेसे नव्हते आणि जे होते त्यांतले निम्मे जड होते. तो "जाऊ द्या सर" म्हणाला. मग गाडीकडे बघून म्हणाला, "तुमची धूळ भिजू देत नाही कोणीच. आमच्याकडं पोळ्याला बैल धुतेत ना, तं आधी पाण्यात उभं करतेत. माती भिजली का आपोआप सुटती. कोरडी घासली का बैलबी लाथ मारतो."

"पण पाणी कुठं आहे?"

"तेच तं."

आणि तेव्हा मला सातव्या डब्याचा राहिलेला शेवट आठवला. मी दुकानात गेलो, दुकानदाराकडे न बघता डबा विकत घेतला आणि घरी येऊन शेवट वाचला. अकरा डब्यांच्या सगळ्या वाङ्मयात जालन्यासाठी लिहिलेला तेवढा एकच परिच्छेद होता. एका बादलीत टोपणभर औषध. फवारा नको, नंतर पाण्यानं धुणंही नको. औषध धुळीच्या कणाला गुळगुळीत करतं आणि रंगावरून सुटं करतं. आठ-दहा मऊ फडकी एकदमच भिजवून ठेवायची, एक भाग ओला करून क्षणभर थांबायचं, मग हलक्या हातानं एकदा पुसायचं, फडक्याची बाजू बदलायची आणि वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत घालायचं नाही. म्हणजे बादली शेवटपर्यंत स्वच्छ. भावड्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बैलाचंच आहे." इतक्या उत्तम मजकुराला संपादकानं शेवटी का टाकलं, कळत नाही. ही मजकूर ऐकून आत गेली आणि पूर्ण बादली घेऊन आली. कोरं पाणी, काठोकाठ. आमच्या संसारात तिनं मला दिलेल्या भेटींत ही वरच्या नंबरची.

रविवारी लिंबाच्या सावलीत आम्ही कामाला बसलो. पत्रा थंड हवा, उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश नाही, हे डब्यांचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं आहे. धुऊन झाल्यावर भावड्यानं हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोनेटवरून फिरवली. असं केलं की खरखर दसपट जाणवते. पॉलिशपेपरवरून हात फिरवल्यासारखं वाटत होतं. जालन्याचं लोखंड रंगात रुतून बसलं होतं, बारीक तांबूस ठिपके. त्यासाठी मळलेल्या कणकेसारखी एक वडी मिळते. औषधाच्या पाण्यात बुडवून ती हलकेच फिरवली की ठिपके तिला चिकटून येतात. मग दारांच्या रबरांवर आणि बोनेटच्या कडांवर कागदी पट्टी चिकटवली, कारण कडेला थर सगळ्यात पातळ असतो आणि तिथं हौस केली तर खालचा रंग उघडा पडतो.

मशीन मुलानं पाठवलेलं होतं. त्याची चकती नुसती गरगर फिरत नाही, फिरता फिरता डुलते, त्यामुळे एका जागी ताप साठत नाही. मी ते हातात घेतलं, चालू केलं, आणि चार वाटाण्यांएवढं पॉलिश माझ्या सदऱ्यावर आणि वकीलसाहेबांच्या भिंतीवर उडालं. आधी चकती पत्र्याला टेकवायची, मग बटण दाबायचं, हे चार नंबरच्या डब्यावर लिहिलेलं आहे. मी ते दोनदा वाचलेलं होतं. भावड्यानं न बोलता मशीन घेतलं. तो आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे, ग्राइंडर रोज हातात. दीड-दोन फुटांचा चौकोन, आधी आडवं सावकाश, मग उभं, मशीनचं वजन मशीनलाच पेलू द्यायचं, आणि पुसून टॉर्च. सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात, त्यानं भागलं तर पुढचं उघडायचंच नाही.

बोनेटच्या मधोमध पट्टी लावून आम्ही एकच बाजू आधी केली होती. पट्टी काढली. डावीकडे जाळं, उजवीकडे काळा डोह, आणि त्यात लिंबाचं एकेक पान मोजून घ्यावं. परीक्षक म्हणून प्रामाणिकपणे नोंदवतो, की सगळं गेलं नव्हतं. नखाला लागतो तो ओरखडा तसाच होता. तो घालवायला जेवढं खरवडावं लागेल तेवढं आपल्याकडे शिल्लक नाही, तेव्हा त्याच्याशी जुळवून घ्यायचं. दोन-चार सावल्याही राहिल्या. पण हिनं पदर सावरून त्यात बघितलं, आणि आमच्या घरात गेली कित्येक वर्षं कुठल्याही पुस्तकाला अशी दाद मिळालेली नाही.

बोनेट झालं, टप झाला. टपाच्या मधल्या पाटाएवढ्या भागावर भावड्यानं अगदी हलका हात दिला. मग डावीकडच्या मागच्या दाराला पॉलिश लावलं, अर्धं फिरवून झालं, आणि गल्लीच्या टोकाकडून हाक आली, "नळ आला ओ!"

भावड्यानं मशीन खाली ठेवलं. मी टॉर्च ठेवला. वकीलसाहेब अर्ध्या दाढीनं बाहेर आले. पुढचा सव्वा तास भावड्या आमची टाकी, वकीलसाहेबांची टाकी आणि समोरच्या आजींचे तीन पिंप यांच्यामध्ये पाइप घेऊन धावत होता आणि मी ही सांगेल ती भांडी आणून देत होतो. त्यात ते लग्नातलं ताटही झाकण म्हणून लागलं.

परत आलो तेव्हा सावली सरकली होती. दारावरचं पॉलिश उन्हात कडक वाळलं होतं, खडूनं घाईत पुसलेल्या फळ्यासारखं. पॉलिश वाळू देऊ नका, हे अकराही डब्यांवर आहे, कुठे कुठे ठळक अक्षरांत. वाळलं तर काय करायचं, हे एकाही डब्यावर नाही. भावड्या म्हणतो, भिजू द्या. तो ओलं फडकं त्याच्यावर पसरून बसलाय, आणि मी बारावा डबा वाचायला दुकानात निघालोय.